धन, ऋण आणि शून्याची जोडी

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला एका लहानशा आडव्या रेघेची तीन नावे परिचित असतात: वजा, उणे आणि ऋण. 'पाच वजा तीन' असे म्हटले, की काहीतरी काढून घेण्याची क्रिया डोळ्यांपुढे येते. 'उणे तीन' म्हटले, की कमतरता जाणवते. 'ऋण तीन' म्हटले, की कुणाचे तरी देणे डोक्यावर असल्याचे ध्यानात येते. कागदावर रेघ एकच. पण पहिले नाव कृतीचे आहे आणि उरलेली दोन स्थितीची आहेत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आमच्या नातवंडांपाशी या तिन्हींसाठी 'मायनस' हा एकच शब्द उरला आहे. त्या शब्दाशी आमचे भांडण नाही. परंतु कृती आणि स्थिती यांतला भेद शब्दाने दाखवला नाही, तर तो कुणीतरी समजावून सांगावा लागतो; आणि नेमके तेच काम पुष्कळदा राहून जाते.

वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या धर्मग्रामात आठवड्यातून तीन सायंकाळी अभ्यासवर्ग भरतो. सेवानिवृत्तीनंतर आम्ही तेथे गणित शिकवावयास जाऊ लागलो, त्याला आता काही वर्षे झाली. सहावी-सातवीच्या सुमारास मुलांची पूर्णांक संख्यांशी गाठ पडते, आणि तोवर गणितात बरी असलेली कितीतरी मुले याच वळणावर अडखळतात, असे आम्ही दरवर्षी पाहत आलो आहोत. अपूर्णांक त्यांना किचकट वाटतात. ऋण संख्या त्यांना खोट्या वाटतात. झाडावर उणे तीन आंबे कुणी पाहिले आहेत? मग मुले अर्थाचा नाद सोडतात आणि एक मंत्र पाठ करतात: 'ऋण ऋण धन'. हा मंत्र गुणाकाराचा आहे. पण मंत्राला स्वतःचे स्थान ठाऊक नसते. (−३) + (−४) असे गणित दिले, की वर्गातील निम्म्या वह्यांत उत्तर येते +७.

या उत्तराला परीक्षेत शून्य गुण मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण हेच उत्तर शब्दांत मांडून पाहा. वाण्याचे तीनशे देणे होते, त्यात आणखी चारशेची उधारी झाली, आणि म्हणून आपल्यापाशी सातशे रुपये शिल्लक राहिले! पाचवीतले मूलदेखील हे ऐकून हसेल. म्हणजे मुलाची बुद्धी शाबूत आहे. आकडा आणि त्याचा अर्थ यांची ताटातूट तेवढी झाली आहे. ती ताटातूट कशी मिटवावी, आणि न मिटल्यास संसारात तिची किंमत केवढी मोजावी लागते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

धन आणि ऋण हे शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. आजच्या राजस्थानातील भीनमाळ, म्हणजे पूर्वीचे भिल्लमाळ, या नगराशी संबंधित असलेल्या ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ रचला, तेव्हा तो तिशीचा होता. या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात त्याने धन, ऋण आणि शून्य यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांचे नियम दिले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण. धन आणि ऋण एकत्र आले तर त्यांतील अंतर घ्यावे. दोन्ही समान असतील तर शून्य. शून्यातून ऋण वजा केले तर धन. जवळजवळ चौदाशे वर्षांनंतर आपली मुले हेच नियम गिरवीत आहेत. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिले. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनीही एका उदाहरणात ५० आणि −५ अशी दोन उत्तरे निघत असता दुसरे सोडून दिले. ऋण उत्तर लोकांना पटत नाही, असे त्याचे कारण. तेव्हा आमच्या वर्गातील मुलांना ते पटत नसेल, तर त्यांची संगत काही वाईट नाही.

युरोपात तर हा संकोच फार काळ टिकला. जर्मनीतील मिखाएल श्टीफेल हा आधी ऑगस्टिनियन मठवासी होता व पुढे लूथरच्या बाजूस गेला. त्याने १५४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात ऋण संख्या वापरल्या खऱ्या, पण त्यांना नाव दिले 'असंबद्ध संख्या'. त्याच्या आधी पन्नास वर्षे, १४९४ मध्ये, फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू लुका पाचोली यांचा गणितावरील बृहद्ग्रंथ व्हेनिसमध्ये छापला गेला. व्यापारी हिशेबाच्या जमा-नावे पद्धतीचे पहिले छापील विवरण त्यात आहे. त्या पद्धतीची युक्ती पाहण्याजोगी आहे. ऋण संख्या न लिहिताच ऋणाचा हिशेब ठेवायचा असेल, तर पानावर मधोमध रेघ मारावी आणि जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला लिहावे. दोन्ही बाजूंना साधेच आकडे. किर्द-खतावणी लिहिणारे आपले जुने दुकानदार पूर्णांकांचे गणित रोज करीत होते. त्याला पूर्णांक म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, इतकेच.

हीच युक्ती आम्ही वर्गात वापरतो. समुद्र जवळ असल्याने शिंपल्यांना तोटा नाही, आणि चिंचोके प्रत्येक घरी असतात. एक शिंपला म्हणजे धन एक, एक चिंचोका म्हणजे ऋण एक. यात आमची हुशारी काही नाही. चीनमध्ये लिऊ हुई याने इ.स. २६३ मध्ये एका जुन्या गणितग्रंथावर भाष्य लिहिले, त्यात धनासाठी तांबड्या व ऋणासाठी काळ्या काड्या वापराव्यात असे सांगितले आहे. काड्यांच्या जागी चिंचोके आले, एवढाच फरक.

आता एक शिंपला आणि एक चिंचोका शेजारी ठेवला, की त्यांचे मोल शून्य. या जोडीला मुलांनी 'शून्याची जोडी' असे नाव दिले आहे. (+५) + (−३) करावयाचे असेल, तर पाच शिंपले आणि तीन चिंचोके मांडावेत, तीन जोड्या बाजूला साराव्यात. दोन शिंपले उरतात. (−३) + (−४) करावयाचे असेल, तर तीन चिंचोक्यांत चार चिंचोके टाकावेत. सात चिंचोके डोळ्यांसमोर असताना +७ म्हणण्याचे धाडस कुणी करीत नाही.

खरी गंमत वजाबाकीत आहे. ३ − (−२) म्हणजे तीन शिंपल्यांतून दोन चिंचोके काढून घ्या. पण तेथे चिंचोके आहेतच कुठे? मुले थोडा वेळ गोंधळतात. मग कुणीतरी दोन शून्याच्या जोड्या आणून ठेवते. जोड्यांचे मोल शून्य, म्हणून तिनाचे तीनच राहिले. आता मात्र दोन चिंचोके हजर आहेत. ते उचलून घेतले, की पाच शिंपले उरतात. ऋण काढून घेणे म्हणजे धन देणे, हा नियम येथे पाठ करावा लागत नाही. हातांनीच तो केलेला असतो.

शून्याच्या जोडीचा हा खेळ सातवीतील एका मुलीने आमच्या कल्पनेपलीकडे नेला. त्या कुटुंबाची अनुमती घेऊनच, परंतु नाव-गाव गाळून, ती हकीकत येथे देत आहोत. वडिलांची लहानशी वाडी, आई भाजी घेऊन बाजारात बसणारी. थोरल्या मुलाचे लग्न ठरले होते. गाठीला साठ हजार होते, एका पतपेढीतून दोन लाखांचे कर्ज काढायचे ठरत होते, आणि मांडव, बँड, पंक्ती असा सारा खर्च दोन लाख चाळीस हजारांवर जात होता. घरात समाधान होते, कारण हाती दोन लाख साठ हजार येणार होते आणि सगळे भागून वीस हजार उरणार होते.

एके संध्याकाळी या मुलीने वर्ग सुटल्यावर आम्हांला थांबवून विचारले, "सर, कर्ज म्हणजे शून्याची जोडीच ना?" तिने टेबलावर मांडून दाखवले. दहा हजारांस एक नग. आधीचे सहा शिंपले. मग कर्ज आले: वीस शिंपले आणि त्यांच्यासोबत वीस चिंचोके. (+६) + (+२०) + (−२०), म्हणजे मोल सहाच. मग लग्नाचे चोवीस शिंपले तिने उचलून घेतले. टेबलावर दोन शिंपले आणि वीस चिंचोके राहिले. दोन जोड्या बाजूला सारल्यावर उरले −१८. ती म्हणाली, "शिंपले पाहुण्यांबरोबर गेले, सर. चिंचोके आपल्याकडेच राहिले."

आम्ही इतकी वर्षे शिकवतो, पण कर्जाची याहून नेमकी व्याख्या आमच्या वाचनात आली नाही. कर्ज घेतल्याने माणूस श्रीमंतही होत नाही आणि गरीबही होत नाही; त्या दिवशी घरात समान मोलाचे धन आणि ऋण एकाच वेळी येतात. फसगत पुढे होते, कारण जोडीतले धन डोळ्यांना दिसते, हाताला लागते, खर्चून टाकता येते. ऋण कपाटातल्या कागदावर असते. वीस हजार 'शिल्लक' राहणार, हे त्या घरचे समाधान म्हणजे वह्यांतील त्या +७ चेच भावंड होते.

मुलीने हा हिशेब घरी मांडला. तिचे वडील फारसे बोलणारे नव्हेत. दोन दिवस ते गप्प होते, असे आम्हांला नंतर समजले. मग त्यांनी मांडव लहान केला, बँड सोडला, एक पंक्त कमी केली, आणि एक लाख चाळीस हजारांत लग्न उरकले. कर्ज एक लाखाचे काढले. (+६) − (+१४), म्हणजे −८. व्याजाचा भाग वेगळा. नातेवाइकांपैकी काहींनी नाके मुरडली. लग्नाला आम्ही हजर होतो, आणि जेवणात कशाची उणीव आम्हांला तरी भासली नाही.

त्या घरी एका बरणीत आठ चिंचोके ठेवलेले असत. दहा हजारांची मुद्दल फिटली, की एक चिंचोका चुलीत जाई. एका रविवारी मिस्सानंतर मुलीची आई भेटली आणि म्हणाली, "सर, बरणीत आता तीनच आहेत." नेमक्या त्याच आठवड्यात वर्गात लहान-मोठेपणाचा धडा चालू होता. −८ मोठा की −३? मुले म्हणत होती −८, कारण आठ हा तिनापेक्षा मोठा. आम्ही त्या माउलीलाच विचारले. ती म्हणाली, "आठाच्या देण्यापेक्षा तिनाचं देणं बरं. यात विचारायचं काय, सर?" −८ पासून −३ पर्यंत येणे ही पाचांची वाढ आहे, आणि −३ पासून शून्यावर येणे ही तिनाची. ज्या घराने ऋण पाहिले आहे त्या घराला शून्य ही रिकामी जागा वाटत नाही. ती कष्टाने गाठलेली पातळी असते.

एकाचे ऋण ते दुसऱ्याचे धन, ही गोष्टही मुलांना येथेच सांगावी. शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्याचे धन्याला देणे होते दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. सोबतीच्या चाकराकडून त्याला येणे होते शंभर दिनार. हे शंभर सोबत्याच्या वहीत −१०० आणि याच्या वहीत +१००. संख्या एकच, बाजू दोन. धन्याने सहा कोटींचे ऋण काढून घेतले, त्या क्षणी हा चाकर +१०० वर येऊन उभा राहिला. आणि तेवढ्या शंभरासाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती आम्हांला कोणत्याही प्रवचनानंतर क्वचितच अनुभवास आली आहे.

ऋणाचा अर्थ देणे एवढाच मात्र नाही. तो 'खाली' असाही आहे. येथे चिंचोके अपुरे पडतात आणि संख्यारेषा हाती घ्यावी लागते. १६८५ मध्ये जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात एका चालणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले. तो पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला. आता तो निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागे आहे. ५ − ८ = −३. माणूस खरा, वाट खरी, मग उत्तरच तेवढे खोटे कसे? संख्येचे चिन्ह आपल्याला बाजू सांगते आणि आकडा अंतर सांगतो. दोन्ही मिळून माणसाचा ठावठिकाणा कळतो.

ही रेषा उभी केली, की ती उंची मोजू लागते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील प्रवासी जेरुसलेमहून खाली यरीहोकडे जात होता. हा 'खाली' शब्द भूगोलाच्या दृष्टीने अक्षरशः खरा आहे. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. किती उतरावे लागते? पुष्कळ मुले ७५० मधून २५० वजा करून ५०० म्हणतात. त्यांना हळूच विचारावे, की समुद्रसपाटीपर्यंतच ७५० मीटर उतरलो, मग पुढे काय? तेव्हा मांडणी सुधारते: ७५० − (−२५०) = १०००. पंचवीस-तीस किलोमीटरच्या ओसाड वाटेत हजार मीटरचा उतार. जवळच्याच मृत समुद्राची पातळी तर समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहूनही खाली आहे. वजा करावयाची संख्या ऋण असली, की अंतर वाढते. चिंचोके काढून घेताना जे घडले, तेच येथे उतारावर घडते.

ऋणाचा तिसरा अर्थ 'मागे', म्हणजे काळाच्या मागे. येथे मात्र एक खाचखळगा आहे, आणि तो आपल्याच घरातला आहे. इ.स. ५२५ मध्ये रोममध्ये राहणारे मठवासी डायोनिसियस एक्झिगुअस यांनी ईस्टरच्या तारखांचे कोष्टक तयार करताना प्रभूच्या देहधारणेपासून वर्षे मोजण्याची प्रथा घातली. ज्या रोमन अंकांत ते हिशेब लिहीत होते, त्यांत शून्याला चिन्ह नव्हते. परिणामी आपल्या कालगणनेत इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. संख्यारेषेवर −१ पासून +१ पर्यंत दोन पावले, कालगणनेत एकच. सम्राट ऑगस्टस, ज्याच्या शिरगणतीचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात येतो, तो इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरात जन्मला आणि इ.स. १४ च्या ऑगस्टात मरण पावला. १४ − (−६३) = ७७; शून्य वर्ष नसल्यामुळे एक कमी करून ७६; आणि वाढदिवसाला महिनाभर अवकाश असल्याने त्याचे पुरे झालेले वय ७५. याच कारणास्तव आपण महाज्युबिली २००० साली साजरी केली, तरी तिसरे सहस्रक हिशेबाने १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. त्या काळी आपल्या घरांतून यावर झालेले वाद अनेक वाचकांना स्मरत असतील. गणित लावण्यापूर्वी शून्य कुठे आहे, आणि आहे की नाही, हे पाहावे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आता त्या प्रसिद्ध मंत्राकडे वळू: ऋण गुणिले ऋण बरोबर धन. देण्याला देण्याने गुणायचे तरी कसे, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पाच रुपयांना दोन रुपयांनी तरी आपण कुठे गुणतो? आपण पाच रुपये दोन वेळा घेतो. गुणाकारातील एक संख्या वस्तूची आणि दुसरी 'किती वेळा' याची असते. दोन हजारांचा हप्ता पाच वेळा माथी बसला: ५ × (−२) = −१०. तोच हप्ता पाच वेळा काढून घेतला, म्हणजे पाच हप्ते माफ झाले: (−५) × (−२) = +१०.

बावखलाचे उदाहरण आमच्या मुलांना अधिक आवडते. एप्रिल महिन्यात बावखलाचे पाणी दररोज २ सेंटिमीटरने उतरते असे समजा, आणि आजच्या पातळीला शून्य म्हणा. पाच दिवसांनी पाणी कुठे असेल? ५ × (−२), दहा सेंटिमीटर खाली. पाच दिवसांपूर्वी कुठे होते? (−५) × (−२), आजच्यापेक्षा दहा सेंटिमीटर वर. उतरत्या गोष्टीचा माग काळात उलटा काढला, की ती चढती दिसते.

ज्यांना उदाहरणांनी समाधान होत नाही, त्यांनी पाढा मागे मागे म्हणून पाहावा. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर दोनाने वाढते आहे. पुढची पायरी (−१) × (−२) ही आहे, आणि शून्यानंतर दोनाने वाढून ते +२ च होणार. तेथे −२ म्हटले, तर साऱ्या पाढ्याची शिस्त मोडते. भागाकार मग आपोआप येतो. बारा हजारांचे देणे तीन भावांत वाटले: (−१२) ÷ ३ = −४, प्रत्येकाच्या वाट्याला चार हजारांचे देणे. बारा हजारांच्या देण्यात तीन-तीन हजारांची देणी किती? (−१२) ÷ (−३) = ४. ही चार म्हणजे रुपये नव्हेत. ती नुसती मोजणी, म्हणून तिला ऋण चिन्ह नाही.

सरावाविषयी पालकांना दोन शब्द सांगून लेखणी खाली ठेवतो. एका बैठकीत शंभर गणिते करवून घेऊ नयेत. रोज पाच पुरेत. संध्याकाळची जपमाळ आटोपल्यावर दहा मिनिटांत होतात. प्रत्येक गणिताला आधी गोष्ट सांगावी: देण्याची, विहिरीची, उतारावरच्या वाटेची, कसलीही. मग उत्तर शून्याच्या कोणत्या बाजूला पडेल, एवढेच विचारावे. ते सांगून झाल्यावर आकडा काढावा, आणि शेवटी उलटी क्रिया करून पडताळा घ्यावा. उत्तर चुकले, तर लगेच नियम सांगू नये. चिंचोके पुढे ठेवावेत. महिनाभरात मुले चिंचोके मागेनाशी होतात, आणि तेव्हा नियम सांगितला तर तो त्यांना ओळखीचा वाटतो.

आणखी एक. घरचा हिशेब मुलांपासून लपवू नये. सातवीतले मूल पूर्णांक शिकते, म्हणजे घराचे जमा-नावे समजण्याच्या वयाला ते पोहोचलेले असते. त्याला आपली वही दाखवण्यात कमीपणा नाही. वर सांगितलेल्या घरी वही मुलीपुढे उघडी होती, म्हणूनच ती तो प्रश्न विचारू शकली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बरणीतील शेवटचा चिंचोका गेला. ती मुलगी आता दहावीत आहे, आणि अभ्यासवर्गात लहान मुलांना पूर्णांक तीच शिकवते.

आजच्या संध्याकाळसाठी ही पाच गणिते: (−७) + १०, (−४) − (−९), ६ − ११, (−३) × (−८), (−२०) ÷ ५. गोष्टी मात्र ज्याने त्याने आपल्या घरच्या सांगाव्यात.